कवडूभाऊंची खूण

कवडूभाऊ गेले त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात आमच्या शाळेत जुन्या शिक्षकांना बोलावलं होतं. हार, नारळ, भाषणं, सगळं यथासांग झालं. बोलता बोलता मी कवडूभाऊंचं नाव काढलं, तर नवे मुख्याध्यापक विचारतात, कोण कवडूभाऊ? माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं तुमच्या शाळेची घंटा तीस वर्षं वाजवली त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, आणि देणगीदारांची नावं मात्र दारात दगडावर कोरून ठेवलीत! मी न जेवता घरी आलो. हिनं विचारलं, काहून हो, पोट बिघडलं काय? म्हटलं, पोट नाही, डोकं बिघडलं. आणि लिहायला बसलो.

तर कवडूभाऊ आमच्या शाळेचे शिपाई. शाळा नागपुरात, सक्करदऱ्याच्या बाजूला, मी तिथं भूगोल शिकवायचो. माणूस बुटका, काळा, हाताची बोटं मात्र लांब आणि नाजूक. डोळे कायम बारीक केलेले. उन्हात बसून बसून तशी सवयच लागली होती त्यांना. हातात घड्याळ कधी बांधलं नाही, पण घंटा अर्धा मिनिट इकडची तिकडं झाली नाही. बोलणं कमी. बोललेच तर एक प्रश्न हमखास, "खाली काय हाय?"

हा प्रश्न ते कशालाही लावायचे. शाळेत नवीन कपाट आलं, त्यांनी टकटक करून पाहिलं, खाली काय हाय? एकदा एक फार गोड बोलणारे मुख्याध्यापक बदलून आले. सगळे शिक्षक खूश. मी कवडूभाऊंना विचारलं, काय वाटतं? ते म्हणाले, वरून पानी शांत हाय सर, पन खाली दगड हाय. दोन महिन्यांत त्या गृहस्थांनी माझी दिवाळीची रजा कापली तेव्हा मला दगड लागला.

हा प्रश्न कुठून आला ते मला फार उशिरा कळलं. कवडूभाऊ उमरेड आणि भिवापूरच्या मधल्या टेंभरी गावचे. जात ढिवराची, म्हणजे मासेमारी पिढीजात. गावालगत ओढा होता, पोटापुरती शेती होती. नोकरी नागपुरात, बायको गिरजाबाई गावात, शनिवारी एसटीनं जायचं आणि सोमवारी पहाटे परतायचं, असं त्यांचं कितीतरी वर्षं चाललं. मग धरण झालं. टेंभरी पाण्याखाली गेली. गाव उठून वरच्या माळावर बसलं, त्याला नवी टेंभरी म्हणतात. गिरजाबाई नागपूरला आल्या, दोघं शाळेमागच्या एका खोलीत राहू लागली. मूलबाळ नव्हतं. म्हणजे मला तसं वाटायचं.

पाणी भरल्यावर तीन वर्षं कवडूभाऊ तिकडे फिरकले नाहीत. राग होता. कोणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग एका रविवारी गेले, चुलतभावाचा डोंगा, म्हणजे छोटी नाव, घेतला आणि गळ टाकला. तेव्हापासून रविवार चुकला नाही. सोमवारी माझ्या टेबलाच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा असायचा. खण उघडला की सातवी ब पर्यंत वास. मी ओरडायचो, ते हसायचे, आणि संध्याकाळी तो मासा भिवापुरी मिरचीच्या रश्श्यात पोहत असायचा.

एकदा मी हट्टच धरला आणि त्यांच्यासोबत गेलो. डोंगा पाण्यात घातल्यावर मी विचारलं, एवढ्या पाण्यात मासा कुठं आहे हे कळतं कसं? ते म्हणाले, मोकळ्या पान्यात मासा थांबत नाही सर. त्याले आडोसा लागते. भिंत, दगड, झाडाचं खोड, असं काही खाली असलं का त्याच्या आजूबाजूला तो फिरते. अन् आडोसा कुठी हाय ते मले ठाऊक हाय. खाली माझं गाव हाय ना.

आणि मग त्यांनी मला ते दाखवलं. वल्हं मारता मारता ते समोरच्या टेकडीकडे पाहायचे. टेकडीच्या माथ्यावर एक खाच आहे, तिच्या खाली एक काळा खडक. खाच आणि खडक एका रेषेत आले की डोंगा त्या रेषेत ठेवायचा. मग मान वळवून दुसऱ्या काठाकडे पाहायचं. तिथं रस्त्यावर मोहाचं झाड, त्याच्या मागे लांब शेजारच्या गावाची पाण्याची टाकी. झाड आणि टाकी एकामागे एक आली की थांबायचं. दोन रेषा जिथं एकमेकींना कापतात, तिथं खाली ठरलेली जागा. याला ते खूण जुळणं म्हणायचे. गाव उठायच्या आधीच त्या त्या जागी उभं राहून धरलेल्या अशा पंधरा-वीस खुणा त्यांच्या डोक्यात होत्या. खूण जुळली की दोरीला बांधलेला लोखंडी नट खाली सोडायचे आणि बोटांनी ऐकायचे. नट दगडावर आपटला की बोटांना कळतं, गाळात रुतला तरी कळतं.

मी भूगोलाचा मास्तर, बत्तीस वर्षं पोरांना नकाशे शिकवले, आणि हा शिपाई दोरीला नट बांधून मला खालची गल्ली न गल्ली सांगत होता. इथं शाळेचा ओटा, त्याच्या फटीत वाम बसते, सापासारखी लांब मासळी. इथं देवळाची पायरी, शिंगाडा मासा इथंच मिळते. खळ्यावर कतला येते, जागा मोकळी आहे म्हणून. हे पाटलाचं घर, पाटील मोठा कंजूस होता, पण आता मासा देतो. मी इतका हसलो की डोंगा हलला, आणि कवडूभाऊंनी मला वर्गातल्या पोरासारखं गप्प बसवलं.

एका जागी मात्र, त्या मोहाच्या आणि टाकीच्या खुणेवर, ते गळ टाकत नसत. तिथं आले की वल्हं आडवं मांडीवर घ्यायचे, दोन मिनिटं बसायचे, आणि पुढं जायचे. मी विचारलं नाही. मला वाटलं, घर असेल.

पुढं एकदा नागपूरचे दोन हौशी बाबू आले होते. महागड्या काठ्या, टोप्या, आणि एक यंत्र. ते यंत्र पाण्यात सोडलं की खालचे उंचवटे पडद्यावर दिसायचे. कवडूभाऊंनी त्यांना फिरवलं. यंत्र उंचवटा दाखवायचं आणि कवडूभाऊ त्याचं नाव सांगायचे. बाबू लोक एकदम खूश. मग डोंगा त्या जागेवर आला. पडद्यावर सुरेख चौकोनी उंचवटा, भोवती माशांची गर्दी. एकानं गळ फेकला. कवडूभाऊ म्हणाले, इथं नाही. तो म्हणाला, अरे, इथंच तर मासा आहे. कवडूभाऊंनी कमरेचा चाकू काढून सरळ त्याची दोरी कापली. मोठी बोंबाबोंब झाली. बाबू त्यांना नाही नाही ते बोलले. कवडूभाऊंनी डोंगा काठाला लावला आणि त्यांना उतरवून दिलं. मी परतीच्या एसटीत त्यांच्यावर चिडलो, इतका कसला राग?

त्याचं कारण मला पुढं गिरजाबाईंनी सांगितलं. भाकरी थापता थापता, पाठमोऱ्या बसून. त्यांना एक पोरगी झाली होती. चार महिन्यांची होऊन गेली, संक्रांतीच्या पाच दिवस आधी. पहिल्या संक्रांतीला लेकराचं बोरन्हाण करतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या ओततात. गिरजाबाईंनी बोरं जमवून ठेवली होती. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. घरामागच्या बाडीत, म्हणजे परसात, कडुनिंबाखाली तिला ठेवलं. नंतर मूल झालं नाही.

धरणाचं पाणी यायचं ठरलं तेव्हा गिरजाबाईंनी नवऱ्याला एकच काम सांगितलं होतं, तिच्या जागेवरची मूठभर माती उचलून आणा, नव्या घराच्या दारात टाकू. त्या रविवारी शाळेत परीक्षेचं केंद्र होतं, घंटा वाजवायला कवडूभाऊ पाहिजे होते. ते म्हणाले, पुढच्या रविवारी आणतो. आठवड्यात पाणी बाडीत शिरलं. गिरजाबाई म्हणाल्या, मी त्याले कधी बोलली नाही सर, पन त्यानं सोताले लय बोलून घेतलं.

म्हणून दर संक्रांतीला दोघं डोंग्यात बसून त्या जागेवर जायची. खूण जुळली की गिरजाबाई पदरातली बोरं आणि चुरमुरे पाण्यावर ओतायच्या. एकोणीस संक्रांती झाल्या. नट सोडला की खाली दगडी जोतं लागायचं, भोवती मासे असायचे, म्हणून कवडूभाऊंना कधी शंका आली नाही. घराचं जोतं, त्याच्या मागे बाडी, बाडीत कडुनिंब. सगळं जुळत होतं.

आता माझं पाप सांगतो. मी निवृत्त झालो. मुलानं चांगला मोबाईल घेऊन दिला, त्यात आपण कुठं उभे आहोत त्याचा निळा ठिपका दिसतो. रिकामा मास्तर म्हणजे घरच्यांना ताप. मला सुचलं, कवडूभाऊंच्या गावाचा नकाशा करून त्यांना भेट द्यावा. उमरेडला चार चकरा मारून टेंभरीच्या जुन्या गावनकाशाची नक्कल मिळवली. त्यात घरं, विहीर, देऊळ, सगळं होतं. मग डोंग्यात बसून मोबाईलवर एकेक जागा टिपली आणि घरी येऊन कागदावर कागद ठेवला. शाळेचा ओटा बरोबर. देऊळ बरोबर. पाटलाचं घर अगदी बरोबर. काय माणूस आहे, म्हटलं! आणि त्यांची ती जागा तीनशे पावलं चुकलेली.

मी तीनदा तपासलं. तिथं कवडूभाऊंचं घर नव्हतं. तिथं गावचा कोंडवाडा होता, मोकाट गुरं डांबायची दगडी भिंतीची जागा. मला गप्प बसता आलं असतं. नकाशा फाडून टाकता आला असता. पण मास्तर माणूस, चूक दिसली की लाल पेन उचलायची खोड. मी त्यांना घरी बोलावलं, टेबलावर कागद पसरला, आणि मोठ्या हौशीनं समजावून सांगितलं. हे असं कसं झालं असेल, तेही मीच विचारलं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, नकाशाकडे पाहत होतो.

ते म्हणाले, "म्हंजे आमी कोंडवाड्यावर बोरं टाकून राहिलो होतो."

दुसऱ्या दिवशी ते एकटे गेले, मला नंतर सांगितलं. दुसऱ्या काठाच्या रस्त्यानं चालत चालत पाहिलं. त्यांच्या खुणेच्या मोहाच्या अलीकडे, बऱ्याच अंतरावर, गवतात जुनं खोड सापडलं. ते तीन वर्षं तिकडे गेले नव्हते ना, त्या काळात रस्ता रुंद झाला होता आणि खरा मोह तोडला गेला होता. तीन वर्षांनी आलेल्या माणसानं रस्त्यावरचा दुसरा मोह पाहिला आणि तोच आपला धरला. शाळा, देऊळ, पाटील, या बाकीच्या खुणा वेगळ्या झाडांच्या होत्या, त्या खऱ्या राहिल्या. चुकली ती एकच.

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. फक्त एक वाक्य बोलले, "तुमी नसतं सांगतलं त चाललं असतं, सर." आणि गिरजेले सांगू नका, म्हणाले. मी रात्रभर पंख्याकडे पाहत पडलो होतो. अजूनही ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

पुढच्या संक्रांतीला त्यांनी मला मुद्दाम सोबत नेलं. तिले सांगाचं ठरवलं हाय, तुमी रहा, असं म्हणाले. डोंगा जुन्या जागेवर आला. गिरजाबाईंनी बोरं ओतली, पाण्यावर हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "झोपली काय वं बाई?" कवडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. कोण सांगणार होतं? त्यांनी वल्हं उचललं आणि परत फिरले. काठावर गिरजाबाईंनी मलाही तिळगूळ दिला, मी तो खाल्ला.

त्या वर्षी गिरजाबाईंच्या पायावर सूज आली. मूत्रपिंड गेलं होतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, रांगेत बसायचं, संध्याकाळी परत आणायचं. कवडूभाऊंनी रविवारचं जाणं सोडलं. गिरजाबाई त्यांनाच रागवायच्या, जा ना गा, पोरगी एकटी हाय. ते हो म्हणायचे आणि शाळेच्या मैदानात चक्कर मारून यायचे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्यादेखत नवऱ्याचा हात धरला आणि सांगितलं, "मले पोरीपाशी ठेवजा." कवडूभाऊ म्हणाले, हो. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकलो. मला रडू आवरत नव्हतं, आणि मला रडायचा हक्कही नव्हता.

त्या गेल्या. भाऊबंदांनी रीतीप्रमाणे राख नदीत सोडली. कवडूभाऊंनी त्यातली थोडी आधीच एका लाल फडक्यात बांधून ठेवली होती. पाचव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. चला, म्हणाले.

एसटीत ते एकदाच बोलले. तिनं पोरीपाशी म्हटलं सर, पन तिच्या मनातली पोरगी त कोंडवाड्यावर हाय. एकोणीस वर्षं थेच जागा तिची. खऱ्या जागेवर ती कधी आलीच नाही. मंग कुठी सोडू? मी म्हटलं, कवडूभाऊ, मला विचारू नका. मी एकदा सांगितलं तेवढं पुरे झालं. ते म्हणाले, बराबर हाय.

रस्त्यावर त्यांनी एसटी थांबवायला लावली. त्या जुन्या खोडाशी गेलो. तिथं त्यांनी आधीच लांब बांबू रोवून ठेवला होता, टोकाला पांढरं धोतराचं फडकं. मी खिशातून मोबाईल काढायला लागलो तर म्हणाले, राहू द्या. मग आम्ही काठावर आलो आणि डोंग्यात बसलो.

ते आधी जुन्या जागेवर गेले. खाच आणि खडक, चुकीचा मोह आणि टाकी. डोंगा थांबवला. राखेचं लाल फडकं मांडीवर घेतलं, दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. माझ्याकडे पाठ होती त्यांची. वारा होता, तरी मला शब्द न शब्द ऐकू आला.

"गिरजे, मी चुकलो वं. पोरगी इथं नाही. मले मागच्या वर्षी समजलं, पन तुले सांगू शकलो नाही. तू इतक्या मायेनं बोरं टाकत होती, माझी जीभच उचलली नाही. माती पन आनली नाही, जागा पन चुकवली. आता चाल. थे पाह्य, तिकडं हाय. म्या आता बराबर खूण धरली हाय. चाल वं, दाखवतो तुले."

मग त्यांनी वल्हं घेतलं. टेकडीची खाच आणि खडक सोडले नाहीत, त्याच रेषेवरून सावकाश डोंगा नेला. तीनशे पावलं काय ती! मला ती संपता संपेनात. मधे दोनदा त्यांनी वल्हं थांबवून मांडीवरचं फडकं नीट केलं. बांबूवरचं पांढरं फडकं सरकत सरकत टाकीच्या समोर आलं. ते थांबले. नट सोडला, बोटांनी ऐकलं. खाली दगड नाही, नुसता बाडीचा गाळ होता. त्यांनी मान हलवली, गाठ सोडली आणि हात पाण्यात घालून मूठ उघडली. वरून ओतली नाही. कोपरापर्यंत हात आत घालून खाली सोडली. हात बाहेर काढायला त्यांना फार वेळ लागला.

दुपार झाली. मला भिवापूरहून येणारी एसटी धरायची होती. त्यांनी मला काठावर सोडलं. मी म्हटलं, चला ना आता, घरी जाऊ. ते म्हणाले, तुमी व्हा पुढं, मी जरा बसतो तिच्यापाशी, नवीन जागा हाय. आणि ते परत गेले.

रस्त्यावर उभा राहून मी पाहत होतो. डोंगा बरोबर त्या जागी थांबला होता. वारा वाढला होता. झुळूक आली की डोंगा हळूहळू सरकायचा, आणि कवडूभाऊ मान वळवून टेकडी पाहायचे, बांबूवरचं फडकं पाहायचे, आणि दोनदा वल्हं मारून परत तिथंच यायचे. पुन्हा सरकायचा, पुन्हा यायचे. एसटी आली, कंडक्टर ओरडला, मी चढलो. मागच्या काचेतून शेवटी दिसलं तेव्हाही ते वल्हं मारत होते.